आल्मेरेतलं माझं एक्सपर्टीझ

आल्मेरे (हॉलंड), मंगळवार

तीर्थस्वरूप श्रीधरदाजी यांना,

तुमच्या सगळ्यात धाकट्या आणि अक्काच्या मते सगळ्यात त्रासदायक मेव्हण्याचा, मोरेश्वरचा, इतक्या लांबून वाकून नमस्कार. (वाकणं इथे सोपं आहे. घरातले जिने इतके उभे आहेत की माणूस दिवसभर वाकलेलाच असतो.)

उत्तराला उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुमचं पत्र कुशलने आणून दिलं त्याला आता सात आठवडे होतील. कुशल म्हणजे माझ्या वेदांतच्या ऑफिसातला, आपल्या कराडचाच, दोन महिन्यांनी घरी फेरी मारतो आणि बिचारा माझा पोस्टमन होतो. हल्ली पत्र कोण लिहितं, असं सूनबाई चैत्राली म्हणते. पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर खरं बोलता येत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं. या सात आठवड्यांत मी चार वेळा लिहायला बसलो. एकदा पेन उमटेना. एकदा नात शाळेतून लवकर आली. एकदा चष्मा सापडला नाही (डोक्यावर होता). चौथ्या वेळी पेन, कागद, चष्मा सगळं जागेवर होतं, घरात कोणी नव्हतं, आणि तेव्हा लक्षात आलं की काय लिहायचं तेच माझं ठरलेलं नाही.

अक्काच्या गुडघ्यांना उतार पडला का? तिला सांगा, जमिनीवर बसून भाजी निवडणं बंद कर. ती ऐकणार नाही, पण मी सांगितलं होतं हे राहील. तुमची साखर किती आली तेही कळवा. इथे मला गोड कोणी देत नाही, तरी माझी साखर जास्त वाटते.

तुम्ही विचारलंत ते मला पाठ आहे. इकडे येताना मी दुकानाचं शटर ओढून किल्ली तुमच्याकडे दिली आणि सांगितलं, मी परत येईपर्यंत कोणालाही उघडू द्यायचं नाही. कोणालाही म्हणजे नीलांबरीला. एकोणीस वर्षं ती माझ्याकडे शिलाई मशिनी दुरुस्त करते आहे. आता तिला कपड्यांच्या एका कारखान्यातून बोलावणं आलंय, मशिनी सांभाळायला, आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत तिने हो-नाही कळवायचं आहे. ती तुमच्याकडे आली आणि म्हणाली, काकांना विचारा, दुकान मला चालवायला देताय का, नाहीतर मी जाते. आणि तुम्ही मला लिहिलंत, 'द्यायचं की कायमचं बंद करायचं? एक शब्द कळव, पुराण नको.' दाजी, पुराण लागणारच.

कारण तिला सगळं येतं, पण टायमिंग येत नाही. तुम्ही सोसायटीत सेक्रेटरी होतात, तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगतो. सुई कापडातून खाली जाते आणि परत वर निघते. ती निघते तेवढ्यात खालच्या शटलच्या टोकाने तिच्या धाग्याचा फास उचलायचा असतो. केसभर मागेपुढे झालं की टाका सुटतो. ते केसभर जुळवून देणं म्हणजे टायमिंग. साफसफाई, तेलपाणी, पट्टा, दाते, सगळं मी तिला करू दिलं. टायमिंगचं मशीन आलं की मात्र मी तिच्याकडे पाठ करून बसायचो. तिने विचारलं तर म्हणायचो, हे सांगून येत नसतं, हातात यावं लागतं. मग असं अर्धं दुकान तिच्या हाती कसं द्यायचं?

माझ्या हाताचंही विचारलंत. हात उत्तम आहे. अक्षर वाकडं दिसतंय ते टेबलामुळे. इथे टेबल खोक्यातून येतं आणि घरच्यांनी स्क्रू लावून उभं करायचं असतं. एक पाय वेदांतने लावला, तीन चैत्रालीने, त्यामुळे ते हलतं. (आज खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहितोय, तर तोही हलतोय. हे अख्खं गाव पाणी हटवून केलेल्या जमिनीवर आहे म्हणतात, त्याचाही परिणाम असेल.)

आता इथली हकिकत. वेदांत आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो, म्हणजे जेवणाच्या टेबलाशी बसून कॉम्प्युटरमधल्या माणसांशी बोलतो. त्यात एक डच आहे, एक जर्मन आहे आणि एक स्वीडनची बाई. चौघांचं इंग्रजी चार तऱ्हांचं, आणि मला चारही तऱ्हा कळत नाहीत. पण एक शब्द सगळ्यांच्या तोंडी सारखा येतो, एक्सपर्टीझ. डच आणि जर्मन त्याला शेवटी जरा लांबवतात, स्वीडनची बाई शेपूट तोडते, पण शब्द तोच. एका सकाळी पोहे खाता खाता मी मोजलं. एकोणीस वेळा आला, आणि तेवढ्या वेळात चौघांपैकी एकानेही काही केलं नाही. चैत्रालीला विचारलं तर तिने फोनमध्ये बघून सांगितलं, बाबा, मूळ फ्रेंच शब्द आहे, एखाद्या विषयातलं खास कसब. फ्रेंचांकडून इंग्रजांनी घेतला, डचांनी घेतला, जर्मनांनी घेतला, वर स्वीडनपर्यंत गेला. मी म्हटलं, आणि परत कोणी आणून दिला नाही? आपल्याकडे कार्याला नेलेलं पातेलं परत यावं म्हणून त्यावर नाव घालून ठेवतात. फ्रेंचांनी घालायला हवं होतं. ती हसली नाही. (माझ्या विनोदाला ती माझ्यासमोर हसत नाही. संध्याकाळी वेदांतला तोच सांगते आणि मग दोघं हसतात. मी वरच्या खोलीतून ऐकतो.)

आपल्याकडे या गोष्टीला काही नावच नव्हतं. म्हणजे असेल पुस्तकात, दुकानात नव्हतं. आपण म्हणायचो, त्याचा हात बसलाय. हात बसायला दहा-बारा वर्षं जायची, आणि बसला की तसं कोणाला सांगत सुटायचं नाही, गिऱ्हाईक आपोआप यायचं. इथे आधी सांगावं लागतं. वेदांतला या देशाने राहू दिलंय तेच मुळी ज्ञानवाला परदेशी म्हणून, तसा त्याच्या कार्डाचा प्रकार आहे. या ज्ञानवाल्याच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. मी म्हटलं, वायसर आण, दहा मिनिटांचं काम. तो म्हणाला, बाबा, ते आपलं एक्सपर्टीझ नाही. नळवाल्याची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. तीन आठवडे टिपटिप ऐकत घरातलं सगळं ज्ञान शांत बसून होतं.

नात उत्तरा नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डचमध्ये देते, त्यामुळे आमचं संभाषण म्हणजे दोन भिंतींनी एकमेकींशी बोलावं तसं. तिच्या वर्गात बाईंनी विचारलं, तुमच्या आजी-आजोबांचं एक्सपर्टीझ काय? कोणाच्या आजोबांचं जहाज, कोणाच्या आजीचं ट्युलिप. उत्तराने सांगितलं, झोपणं. हे ऐकून वेदांतला लाज वाटली आणि मला राग आला. दोन्हींचा परिणाम एकच झाला. त्याने माझं नाव बूर्तहाउसमध्ये घातलं.

बूर्तहाउस म्हणजे वस्तीतल्या लोकांचा हॉल. तिथे एक शनिवार सोडून एक शनिवार लोक मोडक्या वस्तू घेऊन येतात आणि काही म्हातारे त्या फुकट दुरुस्त करून देतात. तिथल्या फॉर्ममध्येही तोच रकाना, एक्सपर्टीझ. मी म्हटलं, लिही, शिलाई मशीन. तर म्हणाला, बाबा, असं कोरडं लिहीत नाहीत. या पोरांना नोकरीचे अर्ज लिहून लिहून एक सवय लागली आहे, दोन शब्दांत मावणारी गोष्ट चार ओळी पसरायची. मी त्याला फुगवणं म्हणतो, तो मांडणं म्हणतो. त्याने मांडलं ते असं: सूक्ष्म यंत्ररचना व वस्त्रोद्योगातील उपकरणे, बेचाळीस वर्षे, तीन भाषा. मी विचारलं, तिसरी कोणती? म्हणाला, इंग्रजी. दाजी, मला इंग्रजीत फक्त मशीनच्या भागांची नावं येतात. शटल, बॉबिन, टेन्शन, स्क्रू. एवढ्यावर फार तर भांडण होईल, बोलणं होत नाही. शिक्षणाच्या रकान्यात सातवी लिहायला तो बिचकला, म्हणून लिहिलं, दीर्घ उमेदवारी पूर्ण. (हे मात्र खोटं नाही. आमच्या मिस्त्रींकडे मी अकरा वर्षं उमेदवारी केली. आठव्या वर्षी त्यांनी मला सुई बदलू दिली. त्या दिवशी मी आईला पेढे दिले होते.)

फॉर्म गेल्यावर मला काळजीने पछाडलं. मी पाहुणा म्हणून आलेला माणूस, नव्वद दिवसांच्या शिक्क्यावर. काम करायला बंदी. मी स्क्रू फिरवला आणि कोणी बघितलं तर? त्यांनी चहा दिला तर तो मजुरीत धरतात का? वेदांत म्हणाला, बाबा, तुम्ही हौसेने जाताय. मी म्हटलं, हौसेने फिरवला तरी स्क्रू फिरतोच ना? शेवटी मी ठरवलं, जायचं, पण चहा घ्यायचा नाही. (पहिल्या शनिवारी तीन कप झाले. थंडी होती.)

तिथे मारलेन नावाची उंच बाई सगळं बघते. तिने मला एक टेबल दिलं आणि त्यावर पाटी ठेवली: मोठ्या अक्षरांत एक्सपर्ट आणि खाली माझं नाव, चुकीचं. प्रत्येक म्हाताऱ्याचं असं वेगळं टेबल. शेजारी वीम नावाचा, तो कॉफीच्या मशीनचा. पलीकडे सायकलच्या दिव्यांचा एक. आणि कोणी कोणाच्या टेबलावरच्या वस्तूला हात लावत नाही, आपल्याकडे सोवळ्यातल्या माणसाला लावत नसत तसं. एक माणूस मोडकी छत्री घेऊन आला. एक काडी निसटली होती, बाकी काही नाही. वीमने बघितली, मान हलवली. दिवेवाल्याने बघितली, मान हलवली. मी हात पुढे केला तर मारलेनने फार गोड हसून छत्री माझ्यापासून लांब नेली, कारण माझ्या फॉर्मवर छत्री नव्हती. छत्रीच्या एक्सपर्टची तारीख चिठ्ठीवर लिहून त्या माणसाला परत पाठवलं. बाहेर पाऊस लागलेला. तो मिटलेली छत्री काखेत धरून भिजत गेला, आणि मला पुन्हा पुन्हा धन्यवाद देऊन गेला.

माझ्या टेबलावर मात्र, वेदांतच्या त्या सूक्ष्म यंत्ररचनेच्या कृपेने, एक कोकिळेचं घड्याळ आलं, एक दुर्बीण आली आणि एका आजीबाईंचं कानात घालायचं यंत्र आलं. तिन्हींना मी म्हटलं, नो शटल. तिघांनीही ते निदान समजून गंभीरपणे ऐकलं. घड्याळवाल्याने तर लिहून घेतलं.

त्याच्या पुढचा शनिवार महत्त्वाचा. त्या दिवशी एक बाई चाकांच्या पिशवीतून लोखंडी मशीन ओढत आल्या. काळं, जुनं, वजनदार, आपल्या दुकानात येतं तसलं. बाईंचं आडनाव रामखेलावन. या सुरिनामच्या. दक्षिण अमेरिकेत त्या नावाचा एक देश आहे, डचांनी आपल्या उत्तरेकडची माणसं उसाच्या मळ्यांवर तिथे नेली होती, त्यांची ही पणतवंडं आता इथे राहतात. बोलतात ते बिहारकडच्यासारखं, निम्मं मला कळतं. म्हणजे दोन महिन्यांत घराबाहेरचं पहिलं माणूस भेटलं ज्याच्याशी मला निम्मं तरी बोलता आलं. नातीच्या लग्नाचा घागरा शिवतायत आणि मशीन टाके सोडतंय. त्यांनी चाक फिरवलं, आणि दाजी, मला नुसत्या आवाजावरून कळलं. टायमिंग. मला इतका आनंद झाला की मी उभाच राहिलो. वेदांतने व्हिडिओ काढायला फोन वर धरला. उत्तरा टेबलाला हनुवटी टेकून उभी. मारलेनने चार लोकांना बोलावलं, की बघा, एक्सपर्ट.

मी मशीन आडवं केलं. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि शटलच्या स्क्रूला लावला. तो खाचेत बसला नाही. पुन्हा लावला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा मशीनच्या अंगावर ओरखडा उठला. मी म्हटलं, उजेड कमी आहे. मारलेनने दिवा आणला. मी म्हटलं, टेबल हलतंय. वीमने येऊन टेबल दोन्ही हातांनी धरलं. (तीस माणसांसमोर एक कॉफीवाला माझं टेबल धरून उभा, आणि टेबल आधीपासूनच स्थिर.) वेदांत म्हणाला, बाबा, चष्मा पुसून बघा. मी पुसला. मग रामखेलावनबाई जरा खाली वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "भइया, तोहार हाथ काँपे है. कब से?"

तिथे कोणाला काही कळलं नाही. फक्त मला आणि वेदांतला कळलं. त्याने फोन खाली घेतला.

मी म्हटलं, "दो साल."

वेदांतची आई शामला गेल्यापासून मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरला नाही, वेदांतला नाही, तुम्हाला तर याच पत्रात वर वेगळंच लिहिलंय. आणि सांगितलं कोणाला, तर चाकांच्या पिशवीवाल्या परक्या बाईला. बाईंनी दुःख वगैरे केलं नाही. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "तू बोल, हम करब."

आता बोल म्हणजे काय बोल? बेचाळीस वर्षांत मी ते कधी बोललोच नव्हतो. म्हटलं, सुई तळाला न्या, मग जराशी वर. म्हणाल्या, जराशी म्हणजे किती? मला सांगता येईना. हवेत बोट धरून दाखवलं तर बोट हलतंय. शेवटी म्हटलं, अर्ध्या तांदळाएवढी. त्यांना अर्धा तांदूळ बरोबर कळला. मग म्हटलं, आता शटलचं टोक सुईच्या मागून यायला हवं, नेढ्याच्या किंचित वर, घासायचं नाही, पण वाराही जाऊ नये इतकं जवळ. तिथे स्क्रू आवळा. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा सुई मोडली. तिसऱ्यांदा मी ओरडलो (सवयीने), तर त्या माझ्यावर दुप्पट ओरडल्या आणि आजूबाजूचे लोक दोन पावलं मागे सरले. चौथ्यांदा बाईंनी चाक फिरवलं आणि मशीनचा आवाज बदलला. मला तो आवाज आला. त्यांनी स्वतःच्या ओढणीच्या टोकावर वीतभर शिलाई मारून मला दाखवली. एकही टाका सुटला नव्हता.

पन्नास मिनिटं लागली. जे सांगून येत नसतं असं मी एकोणीस वर्षं सांगत आलो, ते पन्नास मिनिटांत एका अनोळखी बाईला सांगून आलं. तेही मोडक्या हिंदीत.

टाळ्या वाजल्या. मारलेनने एक कागद छापून आणला, त्यावर बूर्तहाउसचा शिक्का, माझं नाव (आता बरोबर) आणि एक्सपर्टीझ या शब्दाखाली माझ्या नकळत चार ओळी. दाजी, बेचाळीस वर्षं मी हाताने हजारो मशिनी लावल्या, मला कोणी चिटोराही दिला नाही. ज्या दिवशी माझ्या हाताने एक स्क्रूही फिरला नाही, त्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं. ते चैत्रालीने फ्रिजवर लावलंय, दुधाच्या याद्यांशेजारी.

घरी जाताना वेदांत सुरू झाला. डॉक्टरची वेळ घेतो. न्यूरोचा रिपोर्ट काढू. आणि बाबा, आता दुकान बंदच करा, असल्या हाताने काय करणार? तुमचं एवढं एक्सपर्टीझ आहे, व्हिडिओ बनवा, मी चॅनेल काढून देतो. मी म्हटलं, तुझ्या चॅनेलवर मशीनचं तेल हाताला लागतं का? तर म्हणाला, इमोशनल होऊ नका. मी इमोशनल नव्हतो. मला फक्त त्याला विचारायचं होतं, की सकाळी उठून मी कुठे जायचं. कराडच्या घरात शामलाच्या फोटोसमोर किती वेळ बसायचं, दहापर्यंत की अकरापर्यंत? पण हे विचारायला मला शब्द सापडले नाहीत. शटलचे सापडले होते, याचे नाहीत.

उत्तराने सोमवारी शाळेत जाऊन आधीचं उत्तर दुरुस्त केलं. बाईंना सांगितलं, माझे आजोबा काही करत नाहीत, ते सांगतात आणि दुसरे करतात. बाई म्हणाल्या, म्हणजे मॅनेजर. वेदांत खूप हसला. हसता हसता मधेच थांबला, कारण तोही तेच करतो.

तर अशी आहे हकिकत. दुकानाबद्दल मी अजून काही ठरवलेलं नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतोय, तेव्हा समोरासमोर बघू. नीलांबरीला म्हणावं, कारखान्यात जायचं तर जा, मी कोणाला अडवत नाही. अक्काला नमस्कार. घरच्या लहान-मोठ्यांची चौकशी केली असं सांगावं.

तुमचा,
मोरेश्वर

ता. क. वर शेवटी 'बघू' लिहिलंय ते आणि त्याखालचं वाक्य वाचलं नाही असं समजा. नीलांबरीला दुकान उघडू द्या. याचा अर्थ मी दुकान दिलं असा नाही. नदीकाठची हवा दमट, मशिनी बंद राहिल्या की गंजतात, एवढंच कारण. पाटीवर माझं नाव तसंच राहील.

ता. क. दुसरा. दिलं असाच अर्थ घ्या. पाटीवर तिचं नाव घालायचं असेल तर घालू दे. वर घालू दे.

ता. क. तिसरा. हे पान अक्काला वाचून दाखवू नका. नीलांबरीला टायमिंग येत नाही असं मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत आलो आणि याही पत्रात लिहिलं, ते खोटं आहे. गेली दोन वर्षं दुकानातलं प्रत्येक टायमिंग तिनेच लावलंय. दुपारी जेवून मी आत सतरंजीवर डोळे मिटून पडायचो. झोपायचो नाही. ती बाहेर मशीन आडवं करायची, मला स्क्रूचा आवाज यायचा, मग चाकाचा. पहिल्या वेळी तिचं चुकलं तेही ऐकलं, आणि जमलं तेही ऐकलं. चार वाजता उठून मी त्याच मशीनसमोर पाठ करून बसायचो, दोन मिनिटं काहीतरी खुडबुडायचो आणि गिऱ्हाईकाला सांगायचो, घ्या, लावून दिलं. ती शेजारी उभी असायची. कधी एक अवाक्षर बोलली नाही. ती ते कुठून शिकली, माझी पाठ बघून शिकली की काय, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. जाताना शटर ओढून घेतलं ते तिला येत नाही म्हणून नव्हे. मी नसताना दुकान व्यवस्थित चाललं असतं, म्हणून.

आता मूळ काम. हे सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं, फक्त पोचायला वेळ लागला. नीलांबरीला विचारा, डिसेंबरपासून मला तिच्या दुकानात बसू देईल का. मी हाताने काही करणार नाही. मशीन आलं की आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगीन, तेवढं मला अजून येतं. गिऱ्हाईकाशी बोलीन, दिवाबत्ती करीन, सकाळी लवकर येऊन शटर उघडीन. ओरडणार नाही. (कमी ओरडीन.) हे तुमच्याच मनात आलं असं तिला सांगा. नको, मी विचारलंय असंच सांगा. एकोणीस वर्षांत मी तिला एकदाही काही विचारलेलं नाही, तेव्हा आधी तिचा विश्वास बसणार नाही, दोनदा सांगावं लागेल.

कुशल या रविवारी निघतोय आणि पंचवीस तारखेला परत येतो. उत्तर त्याच्याकडे द्या. ती नाही म्हणाली तर नाही असंच लिहा, मला बरं वाटावं म्हणून गोड करू नका, तिचे शब्द असतील तसे उतरवा. पण दाजी, माझ्यासारखे सात आठवडे लावू नका. लगेच लिहा.